सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना (२०००–०१)

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची स्वेच्छानिवृत्ती योजना ही भारत सरकारच्या संमतीने व इंडियन बँक्स असोसिएशनच्या (आयबीए) आराखड्यानुसार २०००–०१ मध्ये राबवली गेलेली, कर्मचारीसंख्या कमी करण्याची योजना होती. सार्वजनिक क्षेत्रातील त्या वेळच्या २७ बँकांपैकी कॉर्पोरेशन बँक वगळता उरलेल्या २६ बँकांनी ती लागू केली. सुमारे एक लाख कर्मचारी व अधिकारी, म्हणजे साधारणपणे दर आठ-नऊ जणांमागे एक, या योजनेतून सेवेबाहेर पडले. भारतीय बँकिंगच्या इतिहासात इतक्या अल्पकाळात इतकी मोठी कर्मचारी-कपात त्यापूर्वी झाली नव्हती.

योजना कागदोपत्री ऐच्छिक होती. निवृत्त होणाऱ्यांना सानुग्रह रक्कम, प्राप्तिकरात सवलत आणि नियमानुसार निवृत्तिवेतन देण्याचे तिच्यात नमूद होते. सानुग्रह रक्कम बहुतेकांना वेळेवर मिळाली. निवृत्तिवेतनाचा नेमका हिशेब मात्र न्यायालयांतून ठरत गेला आणि त्यातील अखेरचा महत्त्वाचा निवाडा २०२० मध्ये आला.

पार्श्वभूमी

१९ जुलै १९६९ रोजी १४ आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतरच्या दोन दशकांत ग्रामीण व निमशहरी भागांत शाखांचा मोठा विस्तार झाला आणि त्या प्रमाणात नोकरभरतीही झाली. हिशेबाची सर्व कामे हाताने होत असल्याने प्रत्येक शाखेत लिपिक, रोखपाल व शिपाई यांची संख्या मोठी असे. यांत्रिकीकरणाची गती बँक व्यवस्थापने व कामगार संघटना यांच्यातील करारांनी ठरत होती. १९८३ च्या करारात यंत्रांच्या वापरावर स्पष्ट मर्यादा होत्या. पुढील करारांत त्या क्रमाक्रमाने सैल झाल्या.

१९९१ नंतर परिस्थिती पालटली. नव्या खासगी बँका पहिल्या दिवसापासून संगणकांवर चालत होत्या आणि त्यांच्या शाखेत कर्मचारी मोजके असत. दुसऱ्या नरसिंहम् समितीने १९९८ च्या अहवालात, जेथे कर्मचारी गरजेपेक्षा अधिक असतील तेथे योग्य प्रोत्साहन देऊन स्वेच्छानिवृत्ती योजना आणावी, असे सुचवले. १९९९ मध्ये स्टेट बँकेचे माजी अध्यक्ष एम. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने इंडियन बँक, युको बँक आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया या तीन दुर्बल बँकांचा अभ्यास केला आणि तेथील सुमारे एक-चतुर्थांश कर्मचारी कमी करण्याची शिफारस केली. दुर्बल बँकांसाठी सुचवलेला हा उपाय वर्षभरात सबळ बँकांनाही लागू झाला.

मे २००० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी सार्वजनिक बँकांच्या प्रमुखांशी मनुष्यबळाच्या प्रश्नावर चर्चा केली. त्यानंतर नेमलेल्या समितीने अतिरिक्त कर्मचाऱ्यांचा अंदाज काढला. हा अंदाज कसा काढला गेला हे पाहण्यासारखे आहे. प्रति कर्मचारी १०० लाख रुपये व्यवसाय हे प्रमाण धरल्यास १२ राष्ट्रीयीकृत बँकांत ५९,३३८ कर्मचारी जादा ठरत होते. तेच प्रमाण १२५ लाख धरल्यास हा आकडा १,७७,४०५ वर जात होता. प्रमाणात एक-चतुर्थांश वाढ केली की 'जादा' ठरणारे लोक तिपटीच्या घरात जात. ग्रामीण शाखेतील लहान रकमांचे असंख्य व्यवहार आणि महानगरातील मोजक्या कंपन्यांची मोठी खाती यांतील फरक अशा एका आकड्यात उतरत नाही, हा कामगार संघटनांचा जुना आक्षेप होता आणि तो निराधार म्हणता येत नाही.

योजनेची आखणी

कर्मचाऱ्यांना सक्तीने कमी करण्याचा मार्ग कायद्याने बंद नव्हता. त्या वेळी लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार कपात करावयाच्या कामगाराला एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे. याच कायद्यातील शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक करणारे प्रकरण कारखाने, खाणी व मळे यांच्यापुरते होते. बँका त्यात येत नव्हत्या. तरीही सरकारी मालकीच्या बँकांत थेट कपात करणे राजकीयदृष्ट्या अशक्यप्राय होते. स्वेच्छानिवृत्तीला कायद्याच्या व्याख्येत 'कपात' मानले जात नाही. हा मार्ग म्हणूनच सोयीचा ठरला.

केंद्र सरकारने २९ ऑगस्ट २००० च्या पत्राने योजनेस हरकत नसल्याचे कळवले. ३१ ऑगस्ट रोजी मुंबईस्थित आयबीएने तिचा आराखडा सर्व राष्ट्रीयीकृत बँकांकडे पाठवला. प्रत्येक बँकेच्या संचालक मंडळाने तो स्वीकारून आपापली मुदत जाहीर केली. पंजाब नॅशनल बँकेत ती नोव्हेंबर २००० मध्ये होती, बँक ऑफ इंडियात १५ नोव्हेंबर ते १४ डिसेंबर, पंजाब अँड सिंध बँकेत डिसेंबरभर, तर स्टेट बँक ऑफ इंडियात १५ ते ३१ जानेवारी २००१ अशी होती. आयुष्यभराचा निर्णय घेण्यासाठी बहुतेकांना पंधरवडा ते महिनाभर एवढाच अवधी मिळाला.

याच सुमारास राष्ट्रीयीकृत बँकांतील सरकारी भांडवलाचे किमान प्रमाण ३३ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव सरकारने पुढे आणला होता. तो पुढे कायद्यात उतरला नाही. पण २००० च्या हिवाळ्यात अर्ज भरणाऱ्यांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आज रक्कम घेऊन जावे की उद्या खासगी मालकाच्या हाताखाली काय होईल ते पाहावे, असा विचार त्या काळी शाखाशाखांतून चालत असे. योजनेच्या 'ऐच्छिक' स्वरूपाविषयी बोलताना ही पार्श्वभूमी दुर्लक्षून चालत नाही.

अटी व लाभ

किमान १५ वर्षे सेवा झालेला किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण केलेला कोणताही कायम कर्मचारी अर्ज करू शकत होता. सेवाबंधपत्राची मुदत न संपलेले विशेषज्ञ अधिकारी, निलंबित किंवा शिस्तभंगाची कारवाई चालू असलेले कर्मचारी आणि कंत्राटी पद्धतीने नेमलेले लोक अपात्र होते. अर्ज मंजूर करणे वा फेटाळणे हा पूर्णपणे बँकेचा अधिकार होता आणि एकदा केलेला अर्ज मागे घेता येणार नाही, असे कलम बहुतेक बँकांनी घातले होते. योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या बिनपगारी दीर्घ रजेचीही तरतूद होती. नोकरी कायमची न सोडता दुसरे काही करून पाहू इच्छिणाऱ्यांसाठी ती होती.

निवृत्त होणाऱ्यास चार प्रकारचे लाभ मिळत. पहिला, सानुग्रह रक्कम. दुसरा, ग्रॅच्युइटी (उपदान). तिसरा, निवृत्तिवेतनाचा पर्याय घेतलेल्यांना अंशराशीकरणासह निवृत्तिवेतन, आणि तो न घेतलेल्यांना भविष्य निर्वाह निधीतील बँकेचा वाटा. चौथा, शिल्लक रजेचे रोखीकरण. यांपैकी शेवटचे तीन लाभ कर्मचाऱ्याने सेवेत कमावलेलेच होते; योजनेने नव्याने दिले ते केवळ सानुग्रह रकमेच्या रूपाने. ती दोन हप्त्यांत देण्याची मुभा बँकांना होती: किमान निम्मी रक्कम तत्काळ रोखीने आणि उरलेली नंतर रोखीने किंवा रोख्यांच्या स्वरूपात.

सानुग्रह रकमेचे सूत्र असे होते: सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी ६० दिवसांचे वेतन, किंवा नियत वयोमानापर्यंत उरलेल्या महिन्यांचे वेतन, यांपैकी जे कमी असेल ते. वेतनात मूळ वेतन, कुंठित वेतनवाढी, विशेष भत्ता व महागाई भत्ता धरला जाई.

या सूत्राचा परिणाम उदाहरणाने स्पष्ट होतो. बाविसाव्या वर्षी नोकरीस लागलेला व ४६ वर्षे वयाचा कर्मचारी घेतल्यास त्याची सेवा २४ वर्षे होते. त्याला ४८ महिन्यांचे वेतन मिळे. त्याची नोकरीची १४ वर्षे म्हणजे १६८ महिने मात्र शिल्लक असत. तोच कर्मचारी ५७ वर्षांचा असता, तर सूत्रातील पहिल्या भागाने ७० महिने येत, पण सेवेचे ३६ महिनेच उरलेले असल्याने त्याला ३६ महिन्यांचे वेतन मिळे. म्हणजे काम न करता उरलेल्या सेवेचा संपूर्ण पगार हाती येई आणि निवृत्तिवेतनही लगेच सुरू होई. बाविसाव्या वर्षी लागलेल्यांसाठी सानुग्रह रक्कम वयाच्या ५४ ते ५५ च्या दरम्यान सर्वाधिक, सुमारे ६४–६५ महिन्यांच्या वेतनाइतकी होते. पन्नाशी ओलांडलेल्यांना योजना अधिक आकर्षक का वाटली याचे उत्तर याच हिशेबात आहे. चाळिशीतील कर्मचाऱ्याला मात्र चार वर्षांच्या पगाराच्या मोबदल्यात चौदा-पंधरा वर्षांची नोकरी सोडावी लागत होती.

शासकीय साहाय्याचे स्वरूप

या योजनेला सर्रास 'सरकारी व्हीआरएस' म्हटले जाते, परंतु तिचा खर्च केंद्र सरकारने उचलला नाही. प्रत्येक बँकेने तो आपल्या निधीतून किंवा कर्ज काढून भागवावा, असे आराखड्यातच स्पष्ट होते. सरकारची मदत तीन मार्गांनी झाली: मालक या नात्याने दिलेली संमती, करसवलत आणि हिशेबातील मुभा.

प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम १०(१०सी) नुसार स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईपैकी ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम करमुक्त होती. या सवलतीसाठी रिक्त झालेली जागा पुन्हा न भरणे आणि निवृत्ताने त्याच व्यवस्थापनाखालील दुसऱ्या आस्थापनेत नोकरी न करणे या अटी होत्या. वित्त अधिनियम, २००१ ने अशा भरपाईचा खर्च पाच समान वार्षिक हप्त्यांत वजा करण्याची तरतूद मालकांसाठी केली. भारतीय रिझर्व्ह बँकेनेही बँकांना हा खर्च पाच वर्षांत विभागून दाखवण्याची मुभा दिली. अन्यथा २०००–०१ च्या ताळेबंदांत अनेक बँकांचा नफा या एकाच बाबीने पुसला गेला असता.

सरकारी साहाय्यात जे नव्हते तेही नोंदवणे आवश्यक आहे. आर्थिक पुनर्रचनेची झळ बसणाऱ्या कामगारांसाठी केंद्राने फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नवीकरण निधी स्थापन केला होता. पुनर्प्रशिक्षण व पुनर्नियोजन हे त्याचे घोषित हेतू होते. प्रत्यक्षात त्याचा बहुतांश पैसा सार्वजनिक उद्योगांतील स्वेच्छानिवृत्तीवरच खर्च झाला. बँकांची योजना आली त्याच वर्षी, २००० मध्ये, हा निधी गुंडाळण्यात आला. त्याची जागा घेणारी समुपदेशन, पुनर्प्रशिक्षण व पुनर्नियोजन योजना २००१–०२ पासून केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांसाठी सुरू झाली. सरकारी बँका त्या उपक्रमांच्या वर्गात मोडत नाहीत. परिणामी बँकांतून बाहेर पडलेल्या लाखभर लोकांसाठी शासनाकडून प्रशिक्षणाची वा नव्या कामाच्या शोधाची कोणतीही स्वतंत्र व्यवस्था नव्हती. खासगी विमा कंपन्यांना ऑक्टोबर २००० पासून परवाने मिळू लागले होते आणि खासगी बँकाही विस्तारत होत्या, ही बाजारातील अनुकूल योगायोगाची बाब होती.

प्रतिसाद व परिणाम

अनेक बँकांत अपेक्षेहून अधिक अर्ज आले. त्यांत अधिकाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय होते. योजनेचा रोख प्रामुख्याने लिपिकवर्गीय व दुय्यम कर्मचाऱ्यांवर असल्याचा समज होता, पण बाहेर पडणाऱ्यांत अनुभवी शाखाधिकारी व कर्जविभागातील जाणकारही मोठ्या संख्येने होते. बाहेर संधी असलेला माणूस आधी जातो, हा स्वेच्छानिवृत्तीच्या सर्वच योजनांतील अंगभूत दोष येथेही दिसला. वेतनखर्चाचे प्रमाण पुढील वर्षांत घटले आणि प्रति कर्मचारी व्यवसाय वाढला. मात्र यातील किती श्रेय योजनेचे आणि किती संगणकीकरणाचे, हे वेगळे काढणे कठीण आहे. भरती आधीपासूनच आटलेली होती. त्यामुळे अनेक बँकांत वयस्क कर्मचारी आणि नंतरच्या दशकात आलेले तरुण यांच्यामध्ये एक मोठी पोकळी तयार झाली.

मुंबईला 'व्हीआरएस' हा शब्द नवा नव्हता. गिरण्या व कारखान्यांच्या पट्ट्यात तो आधीच रुळला होता आणि 'व्हीआरएस घेतली' या वाक्प्रचारात नाइलाजाची छटा होती. बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, युनियन बँक व देना बँक यांची मुख्यालये मुंबईत आणि बँक ऑफ महाराष्ट्रचे पुण्यात असल्याने २००१ मध्ये हाच शब्द पांढरपेशा मध्यमवर्गीय घरांत आला. बँकेतील नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची निश्चिंती, या समजाला गेलेला तो पहिला मोठा तडा होता.

निवृत्तांना दुसरा फटका व्याजदरांनी दिला. रक्कम हाती आली तेव्हा बँकांच्या एक वर्षावरील मुदतठेवींवर साधारण ९ ते १० टक्के व्याज मिळत असे. २००३–०४ पर्यंत ते ५–६ टक्क्यांच्या आसपास आले. सानुग्रह रकमेच्या व्याजावर घर चालेल, असा हिशेब मांडलेल्यांचे मासिक उत्पन्न तीन वर्षांत निम्म्याजवळ घसरले. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्ट ऑफ इंडियाने यूएस-६४ या लोकप्रिय योजनेची खरेदी-विक्री काही महिने थांबवल्याने सुरक्षित मानला जाणारा आणखी एक आश्रय अडचणीत आला. सरकारने जुलै २००३ मध्ये आयुर्विमा महामंडळामार्फत ५५ वर्षांवरील व्यक्तींसाठी ९ टक्के परताव्याची वरिष्ठ पेन्शन विमा योजना आणली. ऑगस्ट २००४ मध्ये ९ टक्के व्याजाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना सुरू झाली. तिच्यात ५५ ते ६० वयोगटातील निवृत्तांनाही अटींसह प्रवेश होता. चाळिशीत किंवा पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडलेल्यांना या दोन्हींचा उपयोग नव्हता.

अर्ज मागे घेण्याचा वाद

मुदत संपण्यापूर्वी किंवा मंजुरी येण्यापूर्वी अनेकांनी अर्ज मागे घेतले. बँकांनी अर्ज अपरिवर्तनीय असल्याच्या कलमावर बोट ठेवून त्यांना निवृत्त केले. देशभरातील उच्च न्यायालयांनी यावर परस्परविरोधी निर्णय दिले आणि प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात एकत्र आली.

डिसेंबर २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा दिला. राष्ट्रीयीकृत बँकांची योजना हा करारकायद्याच्या दृष्टीने 'प्रस्ताव' नसून प्रस्ताव मांडण्याचे निमंत्रण होते, असे न्यायालयाने म्हटले. मंजूर वा नामंजूर करण्याचा अधिकार बँकेने स्वतःकडे ठेवला असल्याने प्रस्ताव करणारा कर्मचारी ठरतो, आणि प्रस्ताव स्वीकारला जाईपर्यंत तो मागे घेण्याचा त्याला हक्क असतो. कोणताही मोबदला न देता तो हक्क काढून घेणारे कलम बंधनकारक नाही. मात्र ज्यांनी योजनेखालील रक्कम स्वीकारून वापरली, त्यांना नंतर माघार घेता येणार नाही, अशी मर्यादाही न्यायालयाने घातली. स्टेट बँकेच्या योजनेत अर्ज मागे घेण्यासाठी ठरावीक तारखेपर्यंत सवड दिलेली होती. त्यामुळे ती उलटून गेल्यावर माघार घेणाऱ्या तेथील कर्मचाऱ्यांना दिलासा मिळाला नाही.

हा निवाडा भारतीय करारकायद्यात व सेवाविषयक खटल्यांत आजही वारंवार उद्धृत होतो. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने त्याचा लाभ मर्यादित राहिला. अनेक ठिकाणी बँकांनी रक्कम परस्पर कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा केली होती. खात्यात जमा झालेले पैसे 'स्वीकारले' असे केव्हा म्हणावे, यावरच खटल्यांची पुढची फेरी झाली.

निवृत्तिवेतनाचा वाद

सर्वांत व्यापक परिणामांचा प्रश्न निवृत्तिवेतनाचा होता. राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९९५ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार पूर्ण निवृत्तिवेतनासाठी ३३ वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. सेवा कमी असल्यास निवृत्तिवेतन त्या प्रमाणात घटते. विनियम २९ नुसार २० वर्षांच्या सेवेनंतर स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत पाच वर्षे अधिक धरली जातात. एकूण सेवा ३३ वर्षांहून अधिक होता कामा नये आणि नियत वयोमान ओलांडले जाऊ नये, एवढ्या अटी त्याला आहेत.

योजनेतील कर्मचाऱ्यांना ही पाच वर्षे द्यावयाची की नाही, याबाबत योजनापत्रकात 'विनियमांनुसार निवृत्तिवेतन' एवढेच लिहिलेले होते. बँकांनी पुढे भूमिका घेतली की हे निवृत्त विनियम २९ मध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी २००२ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने दुरुस्त केलेला विनियम २८ लागू आहे, आणि त्यात पाच वर्षांची भर नाही. ही दुरुस्ती मुळात १५ ते २० वर्षे सेवा झालेल्यांनाही निवृत्तिवेतन मिळावे म्हणून केली गेली होती. कनिष्ठांना लाभ देणारी दुरुस्ती ज्येष्ठांचा लाभ नाकारण्यासाठी पुढे केली जात आहे, असा कर्मचाऱ्यांचा युक्तिवाद होता.

रकमेच्या दृष्टीने फरक मोठा होता. २४ वर्षे सेवा झालेल्याला बँकेच्या हिशेबाने पूर्ण निवृत्तिवेतनाचा २४/३३ भाग मिळत होता. पाच वर्षे धरल्यास तो २९/३३ होतो. म्हणजे मासिक मूळ निवृत्तिवेतनात सुमारे २१ टक्क्यांची वाढ होते आणि ती निवृत्तापुरती न थांबता आयुष्यभराच्या प्रत्येक महिन्याला लागू होते.

मार्च २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर कर्मचाऱ्यांच्या बाजूने निर्णय दिला. योजना जाहीर झाली तेव्हा अस्तित्वात असलेल्या विनियमांत स्वेच्छानिवृत्तांना निवृत्तिवेतन देणारी तरतूद विनियम २९ हीच होती. म्हणून २० वर्षे सेवा पूर्ण केलेल्यांना पाच वर्षांचा लाभ मिळालाच पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. योजनेचा मसुदा बँकांनी केला होता, त्यातील संदिग्धतेचा अर्थ मसुदा करणाऱ्याच्या विरोधात लावला जाईल, हे तत्त्वही त्यात मांडले गेले. सार्वजनिक बँका या राज्यघटनेच्या अर्थाने 'राज्य' असल्याने त्यांनी न्याय्य वागले पाहिजे, ही अपेक्षाही न्यायालयाने नोंदवली. १५ ते २० वर्षे सेवा असलेल्यांना मात्र पाच वर्षांची भर मिळाली नाही. त्यांचे निवृत्तिवेतन प्रत्यक्ष सेवेच्या प्रमाणातच राहिले. तोवर निवृत्तीला आठ वर्षे उलटली होती.

स्टेट बँकेतील कर्मचारी

स्टेट बँकेचे निवृत्तिवेतन वेगळ्या निधी-नियमांनी चालते आणि त्यांत किमान २० वर्षांच्या सेवेची अट होती. बँकेच्या केंद्रीय मंडळाने डिसेंबर २००० मध्ये स्वीकारलेल्या योजनेत १५ वर्षांच्या सेवेवर निवृत्तीचा पर्याय होता. नंतरच्या प्रशासकीय स्पष्टीकरणांनी २० वर्षांहून कमी सेवा असलेल्यांना निवृत्तिवेतन नाकारले. अर्ज १५ वर्षांवर मागवायचे आणि निवृत्तिवेतन २० वर्षांवर द्यायचे, ही विसंगती २ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने दूर झाली. मंडळाने मंजूर केलेली योजना अधिकाऱ्यांच्या स्पष्टीकरणाने बदलता येत नाही, असे सांगून न्यायालयाने १५ वर्षे पूर्ण केलेल्यांना प्रमाणशीर निवृत्तिवेतन देण्याचा आदेश दिला. हा लाभ न्यायालयात न आलेल्या तशाच इतर निवृत्तांनाही द्यावा, त्यांना वेगळे खटले भरावयास लावू नये, असेही बजावले. खटला न करणाऱ्या वृद्ध निवृत्तांच्या दृष्टीने निवाड्यातील हा भाग मुख्य निर्णयाइतकाच मोलाचा होता.

योजनेबाहेर राहिलेले

कंत्राटी व रोजंदारीवरील लोक योजनेस अपात्र होते आणि शिपाई, सफाई, पहारा यांसारखी कामे पुढील काळात अधिकाधिक बाह्य संस्थांकडे गेली. २००६ पासून रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधी नेमण्यास परवानगी दिली. 'बँक मित्र' म्हणून ओळखले जाणारे हे प्रतिनिधी खेड्यांत खाती उघडण्यापासून रक्कम देण्यापर्यंतची कामे करतात. बँकेचे कर्मचारी म्हणून त्यांची गणना होत नाही. काम गेल्यास त्यांना वरीलपैकी कोणताही लाभ लागू होत नाही.

बेरोजगारी भत्त्याची भारतातील मुख्य व्यवस्था कर्मचारी राज्य विमा महामंडळाची आहे. १ जुलै २०१८ पासूनच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकास सरासरी दैनिक वेतनाच्या ५० टक्के दराने ९० दिवसांपर्यंत साहाय्य मिळू शकते. पण या विम्याची वेतनमर्यादा मासिक २१,००० रुपये असल्याने कायम बँक कर्मचारी तिच्या बाहेरच राहतात.

नंतरचा काळ

यानंतरच्या मोठ्या विलीनीकरणांत सरकारने २००० चा मार्ग पुन्हा त्या प्रमाणात वापरला नाही. १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या तेव्हा सहयोगी बँकांच्या कर्मचाऱ्यांपुढे मर्यादित स्वेच्छानिवृत्ती ठेवण्यात आली. १ एप्रिल २०२० पासून दहा बँकांच्या चार झाल्या. त्यापूर्वी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एकाचीही नोकरी जाणार नाही, असे जाहीर आश्वासन दिले होते.

अडचणीत आलेल्या बँकांच्या बाबतीत बँकिंग विनियमन अधिनियमाचे कलम ४५ महत्त्वाचे आहे. त्याखालील विलीनीकरण योजनेत कर्मचाऱ्यांना त्याच वेतनावर व शर्तींवर पुढे चालू ठेवण्याची तरतूद करता येते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक ऑक्टोबर २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये आणि लक्ष्मी विलास बँक नोव्हेंबर २०२० मध्ये डीबीएस बँक इंडियात या कलमाखाली गेली. जानेवारी २०२२ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती तीन वर्षे कायम ठेवण्याची अट होती. विलीनीकरणासाठी कोणी पुढे न आल्यास आणि सहकारी बँकेचा परवाना रद्द झाल्यास मात्र चित्र वेगळे असते. ठेवीदाराला ठेव विम्यातून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. कर्मचाऱ्याच्या थकीत वेतनाला किंवा गेलेल्या नोकरीला तसा विमा नाही. त्याचा दावा अवसायकाकडे जातो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कामगार पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात मालकाने भरलेली १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम ४५ दिवसांत जमा व्हावी, असे त्यात म्हटले आहे. कपातीच्या व्याख्येतून स्वेच्छानिवृत्ती या संहितेतही वगळलेली आहे. त्यामुळे २००० सारखी योजना आज आल्यास तिच्यातून बाहेर पडणाऱ्यांना हा निधी लागू होणार नाही.